नववी ब चे सामाईक पान

अपेक्षा कासारेचा दिवस पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी सुरू होत असे. आमच्या परळच्या चाळीत साडेचारला पाणी येते आणि सव्वासहाला जाते. तिला स्वतःचे पिंप आणि टाकी भरायची असे, शिवाय शेजारच्या शांता म्हातारीचे पिंप. पाइप एकातून काढून दुसऱ्यात घालेपर्यंत मध्ये सात-आठ मिनिटे मिळत. तेवढ्यात ती गॅलरीच्या कठड्याला टेकून मोबाइल उघडे आणि नववी ब ची पाने वाचे. चव्वेचाळीस मुले, नऊ गट, नऊ पाने. आदल्या संध्याकाळी कोणत्या मुलाने किती वाजता काय लिहिले, काय खोडले, हे त्यात दिसते. ते ती वहीत उतरवून घेई. पाणी गेले की वही बंद. पावणेसातला डबा घेऊन ती खाली उतरे आणि लालबागच्या शाळेत चालत जाई.

माझी खोली तिच्या समोर आहे आणि पाणी मलाही भरावे लागते, म्हणून मी हे रोज पाहत असे. मी गिरणीत फिटर होतो. गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या गोदामांत पुल्या आणि लिफ्ट दुरुस्त केल्या. माणूस काम करतो आहे की कामात असल्यासारखा दिसतो आहे, एवढे मला कळते. अपेक्षा काम करत असे.

तिचे वडील कुशाबा माझ्याच गिरणीत होते. ते लवकर गेले. अपेक्षा बारावीनंतर एका गोदामात खोक्यांवर लेबले चिकटवायला लागली आणि त्या पगारावर आधी बी.ए. झाली, मग बी.एड. झाली. गेली चार वर्षे ती त्या शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होती. म्हणजे जितके तास, तितके पैसे. सुट्टीचे नाहीत, वह्या तपासण्याचे नाहीत. तिच्या शाळेत अशा शिक्षकाला दहावी देत नाहीत. तिला दहावी हवी होती. चार वर्षे ती नववीपर्यंत मुलांना आणून सोडत होती आणि पुढे ती मुले दुसऱ्याच्या हाती जात होती.

शाळेत संगणकांची खोली होती. बारा संगणक कोणीतरी देणगी म्हणून दिले होते आणि त्यांवर फडकी घातलेली होती. टेबले भिंतीला लावून, मुलांची तोंडे भिंतीकडे. अपेक्षाला ती टेबले खोलीच्या मधोमध, तीन-तीनच्या जुळणीने हवी होती. शाळेने माणूस दिला नाही, म्हणून तिने मला विचारले. मी दोन दिवस गेलो. टेबले हलवली, वायरी जमिनीलगत पट्टीखाली घेतल्या. दुसऱ्या दिवशी काम संपत आले तेव्हा तिचा पहिला तास तिथेच झाला.

तिने एक कोरे पान उघडले. ते पान बाराही पडद्यांवर एकाच वेळी दिसत होते. एका संगणकावर लिहिले की अक्षर बाकीच्या अकरा ठिकाणी उमटे, आणि प्रत्येक यंत्राची खूण वेगळ्या रंगात दिसे. एकेका यंत्रावर तीन-चार मुले दाटीने बसली होती. ती म्हणाली, "मुंबईतला एक धंदा लिहा. जो तुम्ही स्वतः पाहिलाय."

पहिल्या मिनिटात पानावर धंदा एकही नव्हता. मनू नावाच्या मुलाने 'मनू भाई जिंदाबाद' लिहिले होते. कोणीतरी त्यातला मनू पुसून दुसरे नाव घातले. मनूने ते पुसून पुन्हा स्वतःचे घातले. मग पाच-सहा जणांनी मिळून ती ओळच उडवली.

"बाई, माझं पुसलं बघा! कोण आहे रे तो हिरवा?"

"तूच आधी फालतूगिरी केलीस ना!"

"हिरवा कोण आहे ते सांगा आधी. बाहेर ये रे हिरव्या!"

अपेक्षाने दहा मिनिटे हे चालू दिले. मला वाटले, तिच्या हातून वर्ग गेला. मग तिने पुढच्या फळ्यावर खडूने एक वाक्य लिहिले : दुसऱ्याची ओळ पुसायची नाही, शेजारी आपली लिहायची. म्हणाली, "आता पुन्हा." तास संपला तेव्हा पानावर एकोणतीस धंदे होते आणि सहा ठिकाणी एकाच्या ओळीशेजारी दुसऱ्याची हरकत होती. मनूने लिहिले होते, 'सुरी-कात्रीला धार लावणारा'. शेजारी श्रेया नावाच्या मुलीने लिहिले होते, 'तो आमच्याकडे आता येत नाही, त्याचा मुलगा येतो.' मी पाने-पकडी पिशवीत भरल्या आणि निघालो.

मुख्याध्यापिका मृणालिनी पाटकर यांना हे आवडले. जानेवारीत त्यांनी अपेक्षाला बोलावून सांगितले, "भूगोलाच्या प्रकल्पाचे वीस गुण आहेत ना? ते या पद्धतीने करून दाखव. एकही तक्रार न येता पार पडलं, तर जूनपासून दहावीचा भूगोल तुझा. संस्थेला मी सांगते." अपेक्षाने मला हे पाणी भरताना सांगितले. चार वर्षांत मी तिला इतके सलग बोलताना पाहिले नव्हते.

प्रकल्प साधा होता. प्रत्येक गटाने मुंबईतला एक व्यवसाय जाऊन पाहायचा, माणसांना विचारायचे आणि चार आठवड्यांत एका पानावर सगळ्यांनी मिळून लिहायचे. गुण ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. शाळेत गटाच्या कामात नेहमी एक राबतो आणि चौघे नाव लावतात. अपेक्षाला ते बंद करायचे होते. पानाच्या नोंदी असल्यामुळे ते जमेल असे तिला वाटले. मलाही वाटले. गिरणीत आमच्या खात्यातही ज्याचे काम त्याच्या कार्डावर चढत असे.

आमच्या चाळीच्या आवारात बुद्धविहार आहे. सकाळी वंदना होते आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ तिथे अभ्यासिका चालते. किल्ली माझ्याकडे असते. दारात एक पत्र्याची पेटी आहे. मुलांनी आत येताना मोबाइल त्या पेटीत टाकायचे, गटाला फक्त एक मोबाइल बाहेर ठेवायचा, असा नियम आहे. नाहीतर मुले पुस्तकाआड खेळ खेळतात. पेटीला कुलूप मी लावतो, नऊला उघडतो.

नववी ब चा एक गट या अभ्यासिकेत बसे. श्रेया, सम्यक, नम्रता आणि मनू. बाकीचे गट पाच-पाचांचे, हा चौघांचा. त्यांनी कफ परेडचे मच्छीमार नगर घेतले होते. सम्यकची आई दीपिका परळच्या एका हॉस्पिटलात आया आहे. रविवारी तिला सुट्टी होती, ती त्यांना घेऊन गेली. त्यानंतर चार आठवडे ही मुले सतरंजीवर एका मोबाइलभोवती बसलेली मी पाहिली. मोबाइल श्रेयाचा. सम्यक भिंतीला टेकून, डोळे मिटून बोले. श्रेया लिही. नम्रता पुस्तक मांडीवर घेऊन मध्येच थांबवी. मनू पाणी प्यायला उठे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षाने गुणांची यादी वर्गात लावली. त्या गटात श्रेयाला एकोणीस, नम्रताला सहा, सम्यकला पाच आणि मनूला चार गुण होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता दीपिका गॅलरीत आली. सहाच्या पाळीला निघालेली होती, अंगावर हॉस्पिटलचा पोशाख. अपेक्षा पाइप धरून उभी होती.

"जय भीम, अपेक्षाबाई," दीपिका म्हणाली. एरवी ती नुसते अपेक्षा म्हणे.

"जय भीम, ताई. काय झालं?"

"सम्यकला पाच? विसातले पाच?"

"नोंद आहे, ताई. चार आठवड्यांत त्याच्या नावावर सहा ओळी आहेत. श्रेयाच्या नावावर दोनशे बारा."

"अगं, मी स्वतः नेलं होतं त्यांना. कोळणींना प्रश्न विचारून विचारून त्याने पिडलं. एक म्हणाली, बाळा, आता तूच टोपली घे नि बस! रोज साडेसहा ते नऊ विहारात असतो तो. काय माशा मारतो काय तिथे?"

"ते मला पानावर दिसत नाही."

"मग फेकून दे तुझं पान!"

मला मध्ये पडायचे नव्हते. पण पेटीचे कुलूप माझ्या हातचे होते.

"अपेक्षा," मी म्हणालो, "अभ्यासिकेत शिरताना पोरांचे मोबाइल कुठे जातात?"

"पेटीत, काका."

"गटाला बाहेर किती?"

ती सांगायला लागली आणि थांबली. शांता म्हातारीचे पिंप भरून पाणी गॅलरीत वाहू लागले. तिने पाइप हलवला नाही. तो मी काढला.

"एक," ती म्हणाली.

"ठराव कोणी मांडला होता?"

"मी."

हे खरे होते. दोन वर्षांपूर्वी विहाराच्या समितीत तो नियम तिनेच आणला होता आणि तो योग्यच होता. तिच्या लहानपणी अभ्यासिकेत सहा मुलांत एक गाइड असे. एकाने वाचायचे, एकाने लिहायचे, बाकीच्यांनी ऐकून चुका काढायच्या. ती तशीच शिकली होती. आणि आता त्याच खोलीत तशाच बसलेल्या मुलांना तिने एका मोबाइलच्या नावावरून गुण दिले होते.

"पाणी चाललंय ना गं वाया!" शांता म्हातारी आतून ओरडली. "आधी पाइप बघा, मग भांडा!"

दीपिकाने घड्याळ पाहिले. "मला पाळी आहे," ती म्हणाली. "तू बघ काय ते." आणि ती जिना उतरून गेली.

अपेक्षाने त्याच दिवशी शाळेत जाऊन पाटकरबाईंना सगळे सांगितले. तिथे काय बोलणे झाले ते तिने मला नंतर सांगितले, तसे लिहितो. पाटकरबाई रागावल्या नाहीत. त्यांची निवृत्ती वर्षावर आली होती.

"किती गटांत असं झालं असेल?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही. कुणाच्या घरी एकच फोन, कुणी ताईच्या नावाने लिहितं. मी विचारलंच नाही. नोंदी मोजल्या फक्त."

"मग सोपं आहे. सगळ्यांना सरसकट पंधरा दे. तासाभराचं काम. दीपिकाबाई खूश, सगळे खूश, तक्रार नाही. जूनमध्ये दहावी तुझी."

"बाई, पंधरा कशाचे?"

"शांततेचे."

"मला दहा दिवस द्या."

"दहा दिवसांत काय करणार आहेस? चव्वेचाळीस पोरं आहेत!"

"विचारणार आहे."

पाटकरबाई म्हणाल्या, "अपेक्षा, श्रेयाचे कमी झाले तर तिचे आईवडील येतील. आणखी कुणाचे झाले तर आणखी कुणी येईल. मी अडवू शकणार नाही. दहावीचा मी शब्द देऊन बसलेय, तो एका अटीवर."

"माहीत आहे," अपेक्षा म्हणाली.

दहा दिवसांचे काम बारा दिवस चालले. शाळा साडेबाराला सुटे, त्यानंतर ती एकेका गटाला संगणकांच्या खोलीत बसवी. पान मोठे करून समोर ठेवी. पानाच्या कडेला तिने तीन रकाने आखले होते. सांगणारा, लिहिणारा, तपासणारा. मग पहिल्या ओळीपासून सुरुवात. हे कोणी सांगितले, कोणी लिहिले, कोणी तपासले. मुले एकमेकांसमोर बसलेली, त्यामुळे थाप मारली तरी चार तोंडे ती पकडायला हजर. एका गटाला एक सबंध दुपार लागे. आवाज बसला की गरम पाणी पिई. या तासांचे पैसे कोणी देणार नव्हते.

आमच्या चौघांचे काम तिने विहारातच घेतले, म्हणून ते मी ऐकले. तिने वाचले, "'दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून जोडीने दोरीवर टाकतात, त्यामुळे बांधावे लागत नाहीत.' हे कोणी पाहिलं?"

"सम्यकने," श्रेया म्हणाली. "मी नाक धरून उभी होते."

"लिहिलं?"

"मी."

"तपासलं?"

"मी, बाई," नम्रता म्हणाली. "तो सांगत होता, किस केल्यासारखे टांगतात. मी म्हटलं, हे शाळेत जाणार आहे. जबडा लिही."

मुले हसली. सम्यकचे कान लाल झाले.

"सम्यक, तू स्वतः का लिहीत नाहीस?"

"मला कीबोर्डवर मराठी अक्षरं सापडत नाहीत, बाई. मी 'ळ' शोधेपर्यंत हिची ओळ होते."

"आणि मनू? तू काय केलंस?"

"मी बस शोधली. कुठून बसायचं, कुठे उतरायचं. येताना पण."

"आणि माझा वडापाव खाल्ला," श्रेया म्हणाली.

"तू नाक धरून बसलेलीस! खाणार कुठून होतीस?"

"बसचं पानावर कुठे आहे?" अपेक्षाने विचारले.

"नाहीये, बाई."

"मग आत्ता लिही. कुठून, किती वेळ, शेवटचा थांबा ते वस्ती किती चाललात. हातगाडीवाल्याला, मासे नेणारीला तेच अंतर चालावं लागतं. ते सर्वेक्षणात येतं."

मनूने श्रेयाकडून मोबाइल घेतला आणि अर्धा तास दोन बोटांनी पाच ओळी लिहिल्या. कोणी त्याला मदत केली नाही. अपेक्षाने करू दिली नाही.

या गटात सम्यकला सतरा झाले, श्रेयाला चौदा, नम्रताला चौदा, मनूला नऊ. श्रेयाचे पाच कमी झाले. तिचे आईवडील आले नाहीत. श्रेयाने त्यांना आधीच सांगून ठेवले होते की एकोणीस जास्तच होते.

तक्रार आली ती दुसरीकडून. हर्षवर्धन नावाच्या मुलाचा गट पाच जणांचा होता. पाचांकडे पाच मोबाइल. नोंदी प्रत्येकाच्या नावावर चाळीसच्या आसपास, रोजच्या रोज, सारख्या. पहिल्या यादीत अपेक्षाने पाचांनाही अठरा दिले होते. वहीत तिने त्या गटापुढे 'उत्तम' लिहिले होते. त्यांचा विषय प्रभादेवीचे फूल-हारविक्रेते.

तिने पहिली ओळ वाचली आणि विचारले, "कोणी सांगितलं?"

पाचही जण पडद्यावरची ओळ वाचू लागले.

"बरं. हार करणाऱ्या बायका फुलं कुठून आणतात? किती वाजता?"

एक म्हणाला, बाजारातून. दुसरा म्हणाला, सकाळी.

"गेला होतात कधी?"

हर्षवर्धन म्हणाला, "नाही, बाई. नेटवरून घेतलं. मग वाटून घेतलं. प्रत्येकाने आपल्या भागातला एकेक शब्द पुसला आणि परत लिहिला."

"कशासाठी?"

"नोंदी वाढतात ना. नोंदीच तर मोजत होतात तुम्ही."

तो उद्धटपणे बोलला नाही. विचारले म्हणून सांगितले. अपेक्षाने मला हे सांगितले तेव्हा ती मुलावर चिडलेली नव्हती. म्हणाली, "काका, त्याने बरोबर ओळखलं होतं मला." गिरणीतही साहेब फेरीवर आला की हातोडी आपटणारे होते, आणि आवाजावरून काम मोजणारे साहेबही होते.

तिने त्या गटाला तीन दिवस दिले. जा, पाहा, पान पुन्हा लिहा. पाचांपैकी तिघे गेले. पहाटे पाचला प्रभादेवीला जाऊन हार ओवणाऱ्या बाईशेजारी बसले. त्यातल्या एकाने स्वतः दोन हार ओवले आणि बोटाला सुई टोचून घेतली. त्यांना बारा-बारा मिळाले. चौथा आजारी होता, त्याला तिने नंतर वेळ दिला. हर्षवर्धनला क्लास होता. तो गेला नाही. खरे बोलल्याबद्दल तिने त्याला काही दिले नाही, कारण ते गुण भूगोलाचे होते. त्याला सहा झाले.

त्याचे वडील शिक्षक-पालक संघाचे सभासद होते. ते पाटकरबाईंच्या खोलीत आले आणि अपेक्षाला बोलावणे झाले.

"आधी अठरा कोणी दिले?" त्यांनी विचारले.

"मी."

"आता सहा कोणी दिले?"

"मीच."

"मग चूक मुलाची की तुमची?"

"अठरा दिले ती माझी. सहा त्याचे आहेत."

"लिहून द्याल?"

"देते."

तिने तिथेच कागद घेऊन लिहिले. पहिले गुण मी नुसत्या नोंदी मोजून दिले, ती माझी चूक आहे. आताचे गुण प्रत्येक मुलाला त्याच्या गटासमोर विचारून दिले आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे नाव आहे, कोणीही पाहावे. खाली सही, तारीख. त्या गृहस्थांनी कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि ते गेले.

"हे लिहून द्यायला नको होतंस," पाटकरबाई म्हणाल्या.

"खोटं काय आहे त्यात?"

"खोटं काहीच नाही. पण आता ते फाइलला लागलं. संस्था फाइल बघते, तुझे रकाने बघत नाही."

"गुण बदलायला लावाल?"

"नाही. गुण राहतील. तेवढं मी करीन."

त्यांनी तेवढे केले. एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाची विभागणी लागली. दहावीचा भूगोल दुसऱ्या शिक्षकांना गेला. अपेक्षाकडे नववी अ, नववी ब आणि आठवी.

ती यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती चार वीसला उठली. पाणी आले. पिंप लावून ती कठड्याशी उभी राहिली. हातात मोबाइल नव्हता.

"दहावी गेली, काका," ती म्हणाली.

"कळलं."

"सरसकट पंधरा दिले असते तर मिळाली असती."

"मिळाली असती."

"तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटले, "मला भूगोल येत नाही." ती हसली. मग तिने पाइप शांता म्हातारीच्या पिंपात घातला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. नववी ब ची मुले दहावीत गेली. नवे शिक्षक चांगले होते, पण फळ्यावर लिहून देत आणि मुले उतरवून घेत. पंधरा दिवसांनी श्रेया आणि सम्यक यांनी स्वतःच एक पान उघडले. दहावीच्या पहिल्या धड्याचे. कडेला तीन रकाने. ते त्यांनी अपेक्षाला पाठवले, बाकी काही लिहिले नाही. तिने ते पहाटे पाणी भरताना पाहिले आणि त्यात चार हरकती लिहिल्या. संध्याकाळी चारही खोडून काढायला मुले पुस्तक घेऊन बसली. दोन खोडता आल्या, दोन नाही.

त्या आठवड्यापासून ती सात वाजता अभ्यासिकेत येऊन बसू लागली. आधी चौघेच होते. मग शेजारच्या चाळींतून आणखी मुले आली, त्यात पहाटे प्रभादेवीला गेलेल्या तिघांपैकी दोघे. अकरा झाली. अकरा मुले एका मोबाइलवर वाकलेली.

"डोकं बाजूला घे ना रे, काय दिसत नाय!"

"तुझंच डोकं मध्ये आहे. मटक्यासारखं."

"बाई, आमच्या बाजूला फिरवा ना मोबाइल!"

समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, नियम बदला, सगळ्यांचे मोबाइल बाहेर राहू द्या, ज्याने त्याने आपल्यावर पाहावे. पान तर सगळीकडे तेच दिसणार. मला वाटले, अपेक्षा हो म्हणेल. तिच्या रकान्यांचा त्रासही वाचला असता. ती म्हणाली, "पेटी राहू दे. प्रत्येकाकडे आपला मोबाइल आला की सम्यक बोलायचा बंद होईल. तोही 'ळ' शोधत बसेल. ही मुलं तोंडाने शिकतात. त्यांना एकच पान पाहिजे, फक्त मोठं पाहिजे."

आठ दिवसांनी ती लॅमिंग्टन रोडवरून टीव्हीसारखा एक मोठा पडदा घेऊन आली. कुठल्यातरी बंद झालेल्या ऑफिसातला, वापरलेला, रुंदीला माझ्या पसरलेल्या दोन्ही हातांहून थोडा कमी. मोबाइल त्याला जोडला की पान भिंतीवर दिसते. बरोबर एक कीबोर्ड, त्याच्या बटणांवर मराठी अक्षरे चिकटवलेली. सम्यकने पहिल्यांदा त्यावर बोट ठेवले तेव्हा मनू म्हणाला, "सापडला का रे तुझा ळ?" सम्यकने त्याला कोपराने ढोसले आणि लिहीत राहिला. हळू लिहितो, पण लिहितो.

भिंत जुन्या विटांची आहे. मी चार ठिकाणी भोके पाडली, लोखंडी ब्रॅकेट बसवला, त्यावर वीस लिटरचा पाण्याचा कॅन भरून अर्धा तास टांगून ठेवला. ब्रॅकेट हलला नाही. मग पडदा लावला.

समिती वर्गणी काढायला तयार होती. अपेक्षा नको म्हणाली. एप्रिलमध्ये तिने आठवीचे जादा तास घेतले होते, रोज दोन, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत. त्यांचे पैसे शाळेने जुलैत दिले. पडदा, ब्रॅकेट, कीबोर्ड आणि विहाराच्या नावाने वर्षभराचे इंटरनेट, यांत ते सगळे गेले.